‘उद्यापासून बंद’ या वाक्यापाशी थांबलेली वही

‘आमच्या घरातच दारू होती, मग मी व्यसनमुक्तीचे समुपदेशन शिकावे का?’ असे मानसशास्त्राचे विद्यार्थी मला वरचेवर विचारतात. एका विद्यार्थिनीची हकिगत, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून, येथे सांगते.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी ती एका व्यसनमुक्ती केंद्रात इंटर्नशिप करत होती. माझ्याकडे आली तेव्हा तिने केस लिहिण्याची वही समोर ठेवली. नव्याने आलेल्या एका पेशंटची माहिती तिने बारकाईने टिपली होती: दारू कितव्या वर्षी सुरू झाली, शेवटची केव्हा घेतली, कधी फिट आली होती का. ‘भरती कशाला, उद्यापासून बंद,’ या त्याच्या वाक्यापुढे मात्र पान कोरे होते. तिचे वडील वर्षानुवर्षे हेच म्हणत आले होते. पुढे पेशंट काय बोलला ते तिला आठवत नव्हते. आपण त्याला मध्येच तोडून ‘मुलांचा तरी विचार करा’ असे सुनावले आणि तो मान खाली घालून गप्प झाला, एवढेच लख्ख आठवत होते.

‘मॅडम, मी या कामाच्या लायकीची नाही का?’

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडलेली प्रेरक मुलाखतीची पद्धत तिला तोंडपाठ होती: पेशंटला उपदेश केला की तो पिण्याचीच बाजू मांडू लागतो, म्हणून सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून यावी लागतात. ज्ञान कमी नव्हते. त्या खुर्चीत तिला वडील दिसले होते. 1986 मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रामध्ये स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसेही काम करतात, तेव्हा भोगलेले दुःख या कामात आड येते असे मी मानत नाही. मात्र ते पेशंटसमोर हलके करता येत नाही. त्याला वेगळी जागा लागते. म्हणून मी तिला दुसऱ्या समुपदेशकाकडे पाठवले, कारण मी तिच्या कामावर देखरेख करणारी होते आणि या दोन भूमिका एकत्र करणे मला योग्य वाटत नाही. काही आठवडे तिने पेशंटच्या पत्नींच्या गटात काम केले. कोणाला यासाठी वर्षभर थांबावे लागले, तरी त्यात कमीपणा नाही.

पुढे दुसरा एक पेशंट तेच वाक्य बोलला. या वेळी तिने विचारले, ‘उद्या सकाळी उठल्यावर पहिला त्रास कशाचा होईल?’ रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर हात कापण्यापासून फिट येण्यापर्यंत काहीही होऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांत भ्रमही होऊ शकतो. त्यामुळे हा प्रश्न जिवाशी निगडित होता.

त्या दिवशीच्या पानावर ‘उद्यापासून बंद’च्या पुढे तिने लिहिले होते: ‘सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. डॉक्टरांना आजच दाखवले.’