वाचकांचे प्रश्न : पर्जन्यमापक आणि आपले शिवार

प्रश्न : रात्रीच्या पावसाने ओढ्याकाठचे सोयाबीन खरडून गेले, पण महसूल मंडळाच्या नोंदीत 41 मिलिमीटरच पाऊस दिसतो. अतिवृष्टीसाठी 65 मिलिमीटर लागतात. यंत्र चुकते का? पाऊस घरी मोजता येईल का?
(एक शेतकरी, औसा तालुका)

उत्तर : यंत्र बरोबर असूनही असे घडू शकते. एका मंडळात अनेक गावे असतात, मापक मात्र बहुधा एकाच जागी असतो आणि त्याच्या तोंडात पडेल तेवढाच पाऊस तो मोजतो. वळवाचा किंवा परतीचा पाऊस तर कित्येकदा एका शिवारात धो धो कोसळतो आणि शेजारच्या शिवारात धूळही बसत नाही. तारीखही तपासावी. हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी साडेआठला संपणाऱ्या 24 तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावे लिहिला जातो, त्यामुळे सोमवारी रात्री पडलेला पाऊस मंगळवारच्या रकान्यात सापडतो.

तरीही यंत्रात दोष राहतातच. स्वयंचलित मापकात दोन कप्प्यांची डुलती वाटी असते. एक कप्पा भरला की ती कलंडते आणि तेवढी नोंद होते. फार जोराच्या पावसात ती कलंडत असतानाच काही पाणी मोजणीतून सुटते. नरसाळ्यात पाला अडकला तर नोंद आणखी फसवी होते. माझ्या घरच्या मापकाच्या नरसाळ्यात एका उन्हाळ्यात कुंभारमाशीने मातीचे घर केले होते, आणि मृगाचा पहिला पाऊस बाटलीत थेंबथेंबच उतरला. तेव्हापासून मे महिन्यात नरसाळे धुतल्याशिवाय मला चैन पडत नाही.

घरी मोजण्यासाठी सपाट बुडाचे, सरळ उभ्या भिंतींचे भांडे पुरे. त्यातल्या पाण्याची पट्टीने मोजलेली उंची हाच मिलिमीटरमधला पाऊस. नरसाळे आणि बाटली वापरत असाल, तर जमलेले मिलिलिटर दहाने गुणून नरसाळ्याच्या तोंडाच्या चौरस सेंटिमीटरमधील क्षेत्रफळाने भागावे. 200 चौरस सेंटिमीटर तोंडाच्या मापकात 20 मिलिलिटर पाणी म्हणजे 1 मिलिमीटर. 100 चौरस सेंटिमीटरच्या मापकाचे मोजपात्र चुकून त्याला लावले, तर पाऊस थेट दुप्पट दिसेल. मापकाचे तोंड जमिनीपासून सुमारे 30 सेंटिमीटर उंच आणि अगदी समतल असावे, आणि घर किंवा झाड स्वतःच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावे. पत्र्याच्या पागोळ्यांखाली ठेवलेले भांडे पाऊस मोजत नाही.

घरच्या मोजणीची वही मंडळाच्या अधिकृत नोंदीची जागा घेणार नाही. पेरणीसाठी मात्र ती मोलाची आहे, कारण 75 ते 100 मिलिमीटर पावसाशिवाय पेरू नये असे कृषी विभाग सांगतो, तेव्हा तो पाऊस आपल्याच रानात पडलेला असावा लागतो. पाऊस मोजण्याची ही चाल जुनी आहे : कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितले असून, पर्जन्यमान दिलेल्या प्रदेशांत गोदाकाठचा अश्मक देशही आहे.

प्रश्न : 2014 मध्ये आपल्याकडे मोठी गारपीट झाली. गारा आणि हिमालयातील बर्फ कसा मोजतात?
(एक विद्यार्थिनी, परभणी)

उत्तर : दोन्ही वितळवून. मापकात साचलेल्या गारांचे पाणी होऊ द्यावे आणि ते पावसातच धरावे. पण नरसाळ्यावर आपटून काही गारा बाहेर उडतात, म्हणून हा आकडा थोडा कमीच समजावा. बर्फ पडणाऱ्या प्रदेशात नरसाळे काढून ठेवतात, नाहीतर त्याचे तोंड बर्फाने बुजते. साचलेल्या बर्फात मोजून कोमट पाणी ओततात, तो वितळला की एकूण पाणी मोजून ओतलेले वजा करतात. थराची जाडी खुणांच्या उभ्या पट्टीने वेगळी पाहतात. ढोबळमानाने 10 सेंटिमीटर ताज्या बर्फाचे 1 सेंटिमीटर पाणी होते, परंतु भुसभुशीत बर्फाचे त्याहून कमी आणि ओलसर बर्फाचे जास्त. खरी अडचण वाऱ्याची आहे : हलके हिमकण तो मापकाच्या तोंडावरूनच उडवून नेतो, म्हणून भोवती पट्ट्यांचे कुंपण उभारतात.