हनोईत दिवसभर, रात्री लाओ कायची गाडी

व्हिएतनामला पहिल्यांदाच ग्रुपबरोबर जाताय ना, मग आधी सामानाचं बघा. खोली सकाळी सोडायची आणि गाडी रात्रीची. बॅगा हॉटेलात ठेवून घेतात, पण पासपोर्ट, पैसे, औषधं अंगाबरोबरच हवीत. रात्रीचे कपडे, ब्रश आणि स्वेटर वेगळ्या छोट्या पिशवीत काढा. चार बर्थच्या त्या केबिनमध्ये मोठी बॅग उघडायला जागाच नसते. आमच्यातल्या एका काकूंनी उघडली, तर बाकी तिघं अर्धा तास पाय वर घेऊन बसलो होतो!

व्हिएतनामचे राष्ट्रनेते हो चि मिन्ह यांची समाधी बघायची तर सकाळीच जा, दुपारी आत सोडत नाहीत. सोमवारी आणि शुक्रवारी तर ती बंदच. खांदे-गुडघे झाकलेले असू द्या. मग १०७० साली बांधलेलं वान मिएउ, म्हणजे साहित्य मंदिर. तिथे दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत, जुन्या परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं कोरलेले. मला समाधीपेक्षा हेच जास्त आवडलं.

दुपारनंतर आणखी ठिकाणं कोंबू नका. होआन किएम तळ्याकाठी निवांत बसा. ग्रुपमध्ये कुणीतरी खरेदीत रमतंच, तेव्हा भेटायची वेळ खऱ्या वेळेच्या अर्धा तास आधीची सांगा. स्टेशनला दोन बाजूंनी प्रवेश आहे, आपला कुठला ते आधीच विचारून ठेवा.

गाडी पहाटे लाओ काय स्टेशनला पोचते. पुढे ‘सापा’ या डोंगरातल्या गावापर्यंत साधारण ३५ किलोमीटर घाट आहे, उलटीची गोळी त्या छोट्या पिशवीतच ठेवा.