१ टीबीच्या हार्ड डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं ५०० जीबीच्या एसएसडीवर नेता येईल का?

येईल. डेटा जेमतेम १८० जीबी असूनही क्लोनझिला (डिस्कची हुबेहूब प्रत काढणारा प्रोग्राम) ‘नवी डिस्क लहान आहे’ म्हणून अडतंय, असं तुम्ही लिहिलंय. ते अडणारच. नेहमीच्या पद्धतीत नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच लागते, कारण क्लोनझिला पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या तुकड्यांची, मांडणीही जशीच्या तशी उतरवतं. दुकानातून तयार आलेल्या मशीनमध्ये बऱ्याचदा सी, डी, ई असे तुकडे पाडलेले असतात. ई मध्ये चार फोटो असले तरी त्याची हद्द डिस्कच्या पार टोकाला असते.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कोणी ‘फॉरमॅट मारून देतो, सोपं पडेल’ म्हणालं तर ऐकू नका. श्रीलिपीसारखं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट, प्रिंटरची सेटिंग हे सगळं पुन्हा बसवताना डीटीपीवाल्याचा धंदा अडकून पडतो.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (डिस्कला नीट वाचता न येणारे भाग) शून्याच्या वर असेल तर पार्टिशनला हात लावू नका; आधी डीडीरेस्क्यूने (बिघडत्या डिस्कमधून डेटा वाचवणारा प्रोग्राम) प्रत काढा. डिस्क ठणठणीत असेल तर महत्त्वाच्या फाइली वेगळ्या कॉपी करा आणि क्लोनझिलानेच संपूर्ण डिस्कची इमेज (फाइलींच्या रूपातली प्रत) तिसऱ्या, बाहेरच्या डिस्कवर घ्या. शेवटी क्लोनझिला ‘इमेज तपासू का?’ विचारतं, तेव्हा कंटाळा न करता हो म्हणा. ही इमेज साधारणपणे १ टीबी किंवा मोठ्या डिस्कवरच उतरेल, पण पुढे काही बिघडलं तर तीच कामी येईल.

आता खरं काम. विंडोजमध्ये हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप बंद करा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर पूर्ण काढा. मग पेन ड्राइव्हवरून जीपार्टेड (पार्टिशन लहान-मोठी करणारा प्रोग्राम) चालू करून पार्टिशन लहान करा. नुसतं लहान करून भागत नाही, कारण मध्ये रिकामी जागा उरते आणि ई तिथेच टोकाला राहतं. प्रत्येक पार्टिशन डावीकडे सरकवावं लागतं, शेवटचं रिकव्हरी पार्टिशनसुद्धा. याला तास लागतात, तेव्हा चार्जर लावूनच बसा. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण ४६५ दिसते, म्हणून सगळं ४५० च्या आत आणा. सरकवून झालं की एकदा विंडोज चालू करून बघा आणि नीट शट डाउन करा.

मग क्लोनझिलात डिस्क टू डिस्क निवडा, पण एक्स्पर्ट मोडमध्ये; तिथे नव्या डिस्कचा आकार न तपासण्याचा पर्याय आहे. सोर्स कुठली आणि टार्गेट कुठली हे मॉडेल नंबर वाचूनच ठरवा, कारण टार्गेटवरचं सगळं पुसलं जातं.

पहिल्यांदा चालू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, फक्त एसएसडी लावा. महिनाभर जुनी पुसू नका. एसएसडीच्या शेवटी थोडी जागा मोकळी दिसेल, तिची काळजी नको. तशीच ठेवली तरी चालते.