केस लांब आहेत पण आता फार विरळ झालेत, वेणी उंदराच्या शेपटीएवढी दिसते. कसे बांधू?

थोडी लांबी कमी करा, हे आधी सांगते. जीवावर येतं, मलाही आलं होतं. पण बारीक केस जितके लांब, तितके वजनाने टाळूला चिकटून बसतात. खांद्याच्या जरा खाली, टोकं एका रेषेत कापून घ्या. फार लेअर्स नकोत, खालचा भाग आणखी पातळ दिसतो.

भांग रोज एकाच जागी नको. कंगव्याच्या टोकाने नागमोडी पाडा, टाळू झाकली जाते. वेणी सैल घाला, मग खालून वर जात प्रत्येक पेडाची कड चिमटीत धरून हलकेच बाहेर ओढा. तीच वेणी चांगली भरलेली दिसते. कंडिशनर फक्त टोकांना.

रबरबँडपेक्षा तुळशीबागेतला मोठा क्लचर बरा. पुण्यात आपण रोज गाडीवर; घट्ट बांधून वर हेल्मेट, असं करू नका. सततच्या ओढीने कपाळाजवळचे केस जातात.

रोज 50 ते 100 केस गळणं नेहमीचंच. मोठं आजारपण किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी जास्त गळतात, बहुतेकदा परत येतात. तसं कारण नसताना विरळ झाले असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्या.