लिनक्स नवीनच शिकतोय. कमांड लाइनवर सगळ्यात आधी कोणत्या कमांड पाठ कराव्यात?

'पाठ कराव्यात' हे वाचलं आणि लिहायला बसलो. काहीही पाठ करू नका. मला आरएम, म्हणजे फायली पुसायची कमांड, तोंडपाठ होती, घोळ त्यामुळेच झाला.

1998 चा गळीत हंगाम. कृष्णाकाठच्या एका साखर कारखान्यात मी ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात होतो. एससीओ युनिक्सचा (लिनक्स ज्याच्या वळणावर गेलं ते युनिक्स) एक सर्व्हर, त्याला जोडलेले डंब टर्मिनल, म्हणजे नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड, त्यातलं एक वजनकाट्यावर. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाडी काट्यावर आली की भरलेलं वजन, रिकामं वजन, शेतकऱ्याचा कोड हे सगळं तिथेच चढायचं, पावती निघायची आणि पंधरवड्याला त्यावरून ऊसबिलं व्हायची.

डिस्क सारखी भरायची, कारण छापून झालेले रिपोर्ट पुसायला कुणालाच सवड नसायची. त्या फायलींच्या नावाला शेवटी .आरपीटी असायचं. एकदा रात्रपाळीला काट्यावरून फोन आला की पावती निघत नाही, गाड्यांची रांग गेटबाहेर गेलीय. डिस्कवर किती जागा उरली ते सांगणारी डीएफ मारून बघितलं तर डिस्क शंभर टक्के भरलेली. मला मारायचं होतं

आरएम *.आरपीटी

आणि घाईत मारलं गेलं

आरएम * .आरपीटी

फरक दिसला? एक स्पेस. स्क्रीनवर एवढंच आलं की .आरपीटी नावाची फाइल नाही. मला वाटलं, कुणीतरी आधीच साफसफाई केलेली दिसते. मग फायलींची यादी दाखवणारी एलएस मारली. डिरेक्टरी रिकामी. रोजच्या वजनाच्या फायलीही त्याच डिरेक्टरीत होत्या.

हे नीट समजून घ्या, कमांडच्या याद्यांमध्ये हे कुणी सांगत नाही. तो स्टार आरएमपर्यंत पोचतच नाही. शेल, म्हणजे तुम्ही टाइप केलेली ओळ वाचून कमांड चालवणारा प्रोग्रॅम, आधी स्टारच्या जागी डिरेक्टरीतल्या फायलींची नावं भरतं आणि ती यादी आरएमच्या हातात देतं. आरएमला मिळाली शे-दीडशे नावं, आणि शेवटी .आरपीटी हे एक नसलेलं नाव. तिने सांगितलेलं काम चोख केलं आणि जे सापडलं नाही तेवढ्याचीच तक्रार केली. कचरापेटी वगैरे काही नाही. गेलं ते गेलं.

रोज रात्री बॅकअपची टेप घ्यायची असा नियम होता. हाताला लागलेली शेवटची टेप रविवारची, आणि ती बुधवारची रात्र. मधल्या दिवसांच्या अकराशेच्या वर पावत्या, त्याही कार्बन कॉपी, आम्ही तिघांनी दोन रात्री बसून परत चढवल्या. हेड अकाउंटंट मागे उभे राहून एकच वाक्य म्हणत होते, "शेतकऱ्याचा ऊस आहे तो, तुझ्या घरचा नाही."

आता त्या तिघांमधल्या एकाबद्दल. हा माझा सहकारी पुढे माझ्या मेहुणीशी लग्न करून माझा साडू झाला. त्याने आधीच्या वर्षी माझ्या लॉगिनच्या प्रोफाइलमध्ये एक एलियस, म्हणजे कमांडचं टोपणनाव, टाकून ठेवली होती. आरएम मारलं की आपोआप आरएम -आय चालायचं, म्हणजे दर फायलीला 'पुसू का?' असा प्रश्न. वर्षभर मी न वाचता वाय दाबत होतो. त्या रात्री डिस्क साफ करायला रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, लॉगिन केलं होतं. रूटला ती एलियस नव्हती, त्यामुळे मला कुणी काही विचारलंच नाही.

साडूचं म्हणणं, रूटलाही एलियस लावली असती तर हे झालंच नसतं. माझं म्हणणं, एलियस नसतीच तर मी हात सांभाळून टाइप केलं असतं. पंचवीस वर्षं उलटली, दर दिवाळीला सासुरवाडीत हा खटला नव्याने सुरू होतो. आमच्या बायका तेव्हा उठून आत जातात.

माझी बाजू भक्कम आहे. ती एलियस असतानाही तुम्ही आरएम -आरएफ (आतल्या सगळ्यासकट, न विचारता पुस) मारलं तर नंतर आलेला -एफ आधीच्या -आयला गप्प करतो. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त गरज, तिथेच राखणदार झोपलेला. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत, एका इंजिनिअरने रात्री दमून अशीच डिरेक्टरी उडवली, तीही चुकीच्या सर्व्हरवर. सुमारे 300 जीबी डेटा होता, थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला. नेहमीचे बॅकअप कामाला आले नाहीत. सहा तासांपूर्वी कुणीतरी सहज घेतलेली एक कॉपी होती म्हणून निभावलं. 'पुसू का?' या प्रश्नाने काय केलं असतं? तो 'हो'च म्हणाला असता. त्याला पुसायचंच होतं, फक्त तो दुसऱ्याच मशीनवर उभा होता.

म्हणून पहिल्या कमांड याच: कुठल्या मशीनवर आहात ते सांगणारी होस्टनेम, आणि पीडब्ल्यूडी. ही बांधकाम खात्यातली पीडब्ल्यूडी नव्हे, तुम्ही आत्ता कुठल्या डिरेक्टरीत उभे आहात ते सांगणारी. मग एलएस, डिरेक्टरी बदलायला सीडी, फाइल वाचायला लेस, अडलं तर कमांडची माहिती देणारी मॅन. ही नावं एवढी तुटक का, असं वाटेल. युनिक्स जिथे जन्मलं त्या बेल लॅब्जमध्ये यातली बरीचशी ठेवली गेली तेव्हा समोर सेकंदाला दहा अक्षरं छापणारे टेलिटाइप होते. प्रत्येक अक्षर जिवावर यायचं.

सीपी (फाइलची कॉपी करणारी) आणि एमव्ही (फाइल हलवणारी किंवा नाव बदलणारी) निरुपद्रवी समजू नका. तुम्ही दिलेल्या नव्या नावाची फाइल आधीच असेल तर दोन्ही तिच्यावर मुकाट्याने लिहितात. आणि यादी क्रमाने लावून > ने त्याच फाइलमध्ये टाकायला 'सॉर्ट यादी > यादी' असं कधीही करू नका. सॉर्ट सुरू व्हायच्या आधीच शेल त्या > पायी फाइल रिकामी करून ठेवतं, सॉर्टला वाचायला काही उरत नाही. ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) आणि पाइप (एका कमांडचं उत्तर दुसरीला देणं) यांबद्दल इथे चिकार उत्तरं आहेत, ती बघा.

पुसायचं असेल तर आधी त्याच स्टारसकट एलएस मारा, यादी डोळ्यांखालून घाला, मग वरचा बाण दाबून मागची ओळ परत आणा आणि एलएसच्या जागी आरएम करा. त्या रात्रीनंतर माझ्या हातून एकही फाइल चुकून गेलेली नाही, आणि एलियस मी लावत नाही.

आता थोडं सौम्य करतो. अगदीच नवखे असाल तर पहिले सहा महिने एलियस लावा, हरकत नाही. पण स्वतःच्या हाताने लावा, म्हणजे कुठल्या मशीनवर आहे आणि कुठल्या नाही ते लक्षात राहील. दुसऱ्याच्या सर्व्हरवर ती नसते हे धरूनच चाला. आणि मी सांगितलं ते जुन्या शेलांना आणि लिनक्सवर सहसा असणाऱ्या बॅश या शेलला लागू. मॅकवर 2019 च्या कॅटलिना या आवृत्तीपासून झेडशेल हे दुसरं शेल येतं, आणि त्यात आरएम स्टार मारलं की शेल स्वतःच थांबून विचारतं, एवढ्या सगळ्या फायली नक्की पुसायच्या का?

हे मला कसं कळलं? साडूच्या मुलाने मॅक घेतला. साडूने त्या प्रश्नाचा स्क्रीनचा फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर पाठवला, खाली फक्त '1998' लिहून. मी कळवलं की हा प्रश्न आरएम विचारत नाहीये, शेल विचारतंय, आणि -एफचं काय ते आधी सांग. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दिवाळीला बघू.