दुर्बिणीतून टाके: सुरुवातीला एवढंच बघा

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत (लॅपरोस्कोपी) टाके घालताना हात थरथरतात, सुई फिरते, गाठ बसत नाही, हे सगळं स्वाभाविक आहे. पडद्यावर खोली कळत नाही, पोर्टवर (उपकरण आत घालायची पोटातली नळी) टेकलेलं उपकरण हाताच्या उलट दिशेला जातं आणि बोटांना ऊतींचा स्पर्श जवळजवळ कळत नाही. मेंदूला हे नव्यानेच शिकावं लागतं. म्हणून बॉक्स ट्रेनरवर (सरावाची पेटी) रोज थोडा वेळ बसा. आठवड्यातून एकदाच तीन तास बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

सगळ्यात जास्त वेळ सुई धरण्यावर घालवा. धागा जोडलेल्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, नीडल होल्डरला (सुई धरायचा चिमटा) काटकोनात पकडा. सुई तिरकी बसली की डाव्या हाताने धागा हलकेच ओढा, ती आपोआप वळते. ही पकड जमली की निम्मं काम झालं. मग ऊतीत काटकोनात शिरा आणि मनगट फिरवून सुईच्या वळणानेच बाहेर या. सरळ ढकललं तर ऊती फाटते.

नवीन मंडळींच्या नेहमीच्या चुका:
- धागा फार लांब ठेवणं. आतल्या गाठीसाठी (शरीराच्या आतच बांधायची) 12 ते 15 सेंमी पुरतो.
- शेपूट, म्हणजे धाग्याचं मोकळं टोक, लांब सोडणं. मग ते वेढ्यातून निघतच नाही.
- सुई कॅमेऱ्याबाहेर जाऊ देणं. हे कधीच नको!
- घड्याळ लावून बसणं.

काटेरी धागे (बारीक काट्यांमुळे गाठीशिवाय धरून राहणारे), बाहेरून सरकवायच्या गाठी सध्या बाजूला ठेवा. आधी एकच साधी चौकोनी गाठ, पहिला वेढा दुहेरी. अडलात तर विचारा, नक्की सांगेन.