टॉवर म्हणाला उजवीकडे वळ, पण विमान तिकडेच होतं

प्रश्न: जुलै २०२५ मधला अमेरिकेतला तो व्हिडिओ परवा व्हॉट्सअ‍ॅपवर परत आला, पायलटने उतरता उतरता विमान एकदम वळवलं आणि नंतर पॅसेंजरची माफी मागितली. टक्कर टाळायला विमानात यंत्र असतं ना, मग डोळ्यांनी बघून का वळवावं लागलं? मुलगी महिन्यातून दोनदा विमानाने जाते म्हणून विचारतेय. – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, त्या पायलटने माफी मागितली असली तरी मला त्याचं खूप कौतुक वाटतं. १८ जुलैची गोष्ट, मिनियापोलिसहून नॉर्थ डकोटातल्या मायनॉटला जाणारं एम्ब्रेअर १७५, डेल्टा या विमान कंपनीसाठी स्कायवेस्ट ही दुसरी कंपनी चालवते ते. त्याच वेळी तिथल्या जत्रेवरून, म्हणजे स्टेट फेअरवरून, हवाई दलाचं आठ इंजिनांचं बी-५२ बॉम्बर उडवलेलं. पायलटने पॅसेंजरना सांगितलं ते असं, की टॉवरने, म्हणजे विमानतळावरून विमानांना सूचना देणाऱ्या माणसाने, उजवीकडे वळ म्हटलं, हा म्हणाला तिकडे विमान आहे, मग टॉवर म्हणाला डावीकडे, आणि ती सूचना परत म्हणून दाखवेपर्यंत (ती म्हणावीच लागते) बाहेर बघतो तर ते धूड याच्याच वाटेवर येतंय. ते आपल्यापेक्षा बरंच जोरात आहे हे बघून याने त्याच्या मागून वळवलं. हायवे ओलांडताना आपण ट्रक पुढे जाऊ देतो आणि मग मागून जातो ना, तसंच.

मायनॉटच्या टॉवरला रडार नाही, तिथली माणसं काचेतून बघून विमानं सांभाळतात. रडार आहे जवळच्या हवाई तळाकडे. पायलट म्हणाला आम्हाला कुणी सांगितलंच नाही, आणि नंतर हवाई दलानेही सांगितलं की प्रवासी विमान येतंय हे बॉम्बरलाही टॉवरने कळवलं नव्हतं. दोघांनाही पत्ता नाही! मला खरा राग याचाच येतो.

आता यंत्राचं. त्याला टीकॅस म्हणतात, ते समोरच्या विमानाच्या ट्रान्सपॉन्डरला (म्हणजे विचारलं की आपोआप रेडिओवरून उत्तर देणाऱ्या यंत्राला) सतत विचारत राहतं की तू किती उंचीवर, आणि धोका वाटला की आधी 'ट्रॅफिक, ट्रॅफिक' ओरडतं, मग एकाला वर जा म्हणतं आणि दुसऱ्याला खाली. डावीकडे उजवीकडे ते कधीच सांगत नाही. आणि जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या खाली वर-खालीची सूचनाही मुद्दाम बंद असते, कारण तिथे खाली जा म्हटलं तर जाणार कुठे? २९ जानेवारी २०२५ ला वॉशिंग्टनला उतरणारं विमान आणि लष्कराचं हेलिकॉप्टर धडकून ६७ जण गेले, तेव्हा विमानात 'ट्रॅफिक' एवढंच वाजलं होतं. म्हणून उतरताना शेवटी नजर लागतेच.

पण ताई, यंत्र बिनकामाचं असं अजिबात समजू नका. १२ नोव्हेंबर १९९६ ला दिल्लीजवळ चरखी दादरीवर सौदीचं निघालेलं आणि कझाकस्तानचं उतरायला येणारं विमान धडकलं, ३४९ माणसं गेली. कझाक विमानाला १५ हजार फुटांवर थांबायचं होतं, ते १४ हजारापर्यंत खाली आलं जिथे सौदीचं होतं, आणि तेव्हाच्या दिल्लीच्या रडारवर उंची दिसतच नव्हती त्यामुळे कंट्रोलरला कळायला मार्ग नव्हता. दोन्ही विमानांत टीकॅस नव्हतं. त्यानंतर आपल्याकडे मोठ्या प्रवासी विमानांना ते सक्तीचं झालं, म्हणजे तुमच्या मुलीच्या विमानातही ते असणारच.